शून्य दलालीचं खातं आणि साडूचा गुरुवार

माझ्या साडूचा मला हेवा वाटतो. पूर्वी वाटायचा आणि आता वयानं निवळला, असली भानगड नाही. आज सकाळीही वाटला. बायको म्हणाली, कुरुळीहून तिच्या बहिणीनं दारातल्या शेवग्याच्या शेंगा पाठवल्यात, आमटीत घालू का? मला शेवगा आवडतो. पण हा साडूच्या दारातला शेवगा होता, म्हणून मी म्हणालो, शेंगा जून दिसताहेत. त्या जून नव्हत्या.

दोन बहिणींचे नवरे हे नातंच वाईट. भावाभावांचं निदान लहानपण तरी एकत्र गेलेलं असतं. साडूंचं तसं काही नसतं. एका घरातल्या दोन मुलींशी दोघांनी लग्न केलेलं असतं, आणि मग त्या घरातली माणसं जन्मभर दोघांना शेजारी उभं करून बघत राहतात. मी थोरला जावई. चिंचवडला राहतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात आहे. साडू कुरुळीतल्या जुन्या घराण्यातला, चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर ऑपरेटर. शिक्षण माझं जास्त, पगार माझा जास्त, इंग्रजी माझं बरं. तरी सासुरवाडीत हशा पिकतो तो त्याच्या बोलण्यावर, आणि मी काही बोललो की सासूबाई 'चहा टाकते' म्हणून उठतात.

एका गोष्टीत मात्र मी त्याच्या वर होतो. सुट्टीत. आमच्या या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. विजेच्या टंचाईच्या काळात कधीतरी ठरलेला दिवस, तो तसाच चालत आलाय. ऑफिसवाल्यांना मात्र जगासारखा रविवार. साखरपुडे, बारशी, वाढदिवस, सगळं रविवारी असतं, आणि साडूला प्रत्येक वेळी रजा टाकावी लागते. मी त्याला न चुकता चिडवायचो, "काय पाव्हणं, गुरुवारी सगळं जग कामावर गेल्यावर घरी एकटे बसून करता काय?" तो म्हणायचा, "झोपतो की." आणि हसायचा. त्याला काही लागायचं नाही, हे मला लागायचं.

माझं काम खरेदीचं. नट असो, बोल्ट असो, खोकी असोत की कँटीनचा तांदूळ, तीन पुरवठादारांकडून भाव मागवायचे, एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायचे आणि सगळ्यांत स्वस्त त्याला ऑर्डर द्यायची. त्या तक्त्याला आम्ही कंपॅरिटिव्ह म्हणतो. वाहतूक धरली का, पॅकिंग धरलं का, पैसे किती दिवसांनी द्यायचे, सगळ्याचे रकाने त्यात असतात. समोर बसलेला माणूस रडकुंडीला आला तरी मी आणखी दहा पैसे कमी करून घेतो. ही सवय संध्याकाळी गेटवर ठेवून येता येत नाही. मिक्सर, मुलीचा क्लास, चुलत मेहुण्याच्या लग्नाचा हॉल, सगळ्यांचा कंपॅरिटिव्ह मी केलेला आहे. बायको म्हणते, मुली बघतानाही केला असशील. केला होता, पण ते तिला सांगून काही फायदा नाही.

शेअरचं वेड आमच्याकडे अलीकडचं. कंपनीच्या बसमध्ये पूर्वी लोक तोंड उघडं टाकून झोपायचे. आता सगळे मोबाईलवर लाल-हिरवे आकडे बघत बसतात. मीही खातं उघडलं, अर्थातच कंपॅरिटिव्ह करून. साडूचं खातं माझ्याआधीचं आणि जुन्या पद्धतीचं होतं. चिंचवड स्टेशनजवळ औषधांच्या दुकानाच्या वर एका दलालाचं लहानसं ऑफिस आहे. तिथे एक बाई फोनवर ऑर्डरी घेतात. साडूच्या कारखान्यात मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणून कामाच्या दिवशी त्याचा बाजाराशी संबंध नसतो. गुरुवारी तो बाईंना फोन करतो, किंवा मोटरसायकल काढून सरळ तिथे जाऊन बसतो. चहा येतो. बाई विचारतात, भाऊ, आज काय घ्यायचं? या सगळ्याबद्दल शंभर रुपयांच्या खरेदीमागे पन्नास पैसे दलाली, विकताना पुन्हा तेवढीच, आणि खात्याची वर्षाची फी वेगळी.

मी एकदा त्याच्याच फोनवर त्याचं बिल बघितलं. इतका आनंद मला बोनसनेही झाला नसेल. मी तिथल्या तिथे त्याला आकडे करून दाखवले. म्हणालो, "पाव्हणं, शेअर घेऊन ठेवायचे असले तर मी दलाली शून्य देतो. शून्य. तुम्ही मात्र त्या बाईंच्या घरचा गॅस भरताय."

"भरू द्या की वो," तो म्हणाला. "त्या बी सकाळपासनं बसलेल्या असत्यात."

म्हणजे जादा पैसे जाताहेत हे कळूनही याला काही वाटत नव्हतं. अशा माणसापुढे आपल्या शहाणपणाचं करायचं काय? माझा सगळा आनंद त्यानं एका वाक्यात घालवला, आणि वर मला भुईमुगाच्या शेंगा खायला दिल्या.

सासऱ्यांना आम्ही दोघेही मामा म्हणतो. मामा तरुणपणी साताऱ्याकडून आले, पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आकुर्डीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. बोलणं कमी. मला काय हवं होतं ते इथेच सांगून टाकतो. मामांनी एखादी गोष्ट आधी मला विचारावी, एवढंच. घराला रंग द्यायचा झाला, साडूला फोन. गुडघ्याला डॉक्टर कुठला बरा, साडूला फोन. मला फोन यायचा तो सगळं ठरल्यावर, कळवण्यासाठी. मी थोरला आहे हो, असं सांगायला काही जाता येत नाही.

त्या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण देतात, त्याला आमच्याकडे धोंड्याचं जेवण म्हणतात. ते रविवारी ठेवलं होतं आणि साडूनं नेहमीप्रमाणे रजा टाकली होती. सासूबाईंनी पुरण भरून धोंडे केले होते, वर तुपाची धार. आम्हा दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं, ओवाळलं, दोघांच्या हातात चांदीचा एकेक दिवा आणि तेहतीस तेहतीस अनारसे दिले. साडूचा दिवा मी 'बघू हो जरा' म्हणून हातात घेतला. वजन सारखंच वाटलं. अनारसेही मोजून सारखेच होते. पण जेवताना सासूबाई मला विचारून धोंडा वाढत होत्या आणि त्याला न विचारता. अशा गोष्टी तराजूत घालता येत नाहीत, म्हणून त्या कुणी मान्यही करत नाही.

जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, "माझ्या मनात एक आहे. आपल्या कंपनीचे शेअर घ्यावेत थोडे थोडे."

आपली कंपनी म्हणजे ते राबले तो कारखाना. सोडून इतकी वर्षं झाली तरी ते आपलीच म्हणतात. "आयुष्य तिथं गेलं. आता तिचा बारकासा तुकडा माझ्याही नावावर असावा. दर वेळी दोन-चार शेअर, परवडतील तसे. तर खातं कुठं उघडावं?"

हा प्रश्न त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघून विचारला, म्हणजे दोन्ही जावयांना विचारला. साडूनं तोंडात अनारसा असतानाच उत्तर दिलं. "त्यात काय मामा! येत्या गुरवारी चला माझ्यासंगं. ताईंकडं बसू, च्या घिऊ, खातं उघडू. हाय काय आन् न्हाई काय!"

मामांची मान हलायला लागली होती. ही एक गोष्ट तरी माझ्या हद्दीतली होती. भाव काढणं, तुलना करणं, यात या माणसानं माझ्यापुढे उभं राहायचं?

"थांबा," मी म्हणालो. "मामा, मला आठवडा द्या. मी सगळीकडचे दर काढून आणतो. उगाच कुणाचं पोट कशाला भरायचं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले. "तुम्ही बघा."

तुम्ही बघा! घरी येताना मी गाडीत शीळ घालत होतो. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, धोंडे छान झाले होते.

तो आठवडा मी कंपनीच्या कामात जेवढं लक्ष घातलं नसेल तेवढं या कामात घातलं. दलालांचे दर वाचणं हे पुरवठादारांच्या कोटेशनपेक्षा अवघड असतं, कारण पुरवठादार निदान समोर बसून खोटं बोलतो. एकाचं खातं 'आयुष्यभर फुकट' होतं, पण त्यासाठी आधीच मोठी रक्कम भरावी लागत होती. एकाची दलाली टक्केवारीनं कमी दिसत होती, पण खाली बारीक अक्षरात 'किमान इतके रुपये' असं लिहिलेलं. दोन-चार शेअर घेणाऱ्या माणसाला त्या किमान रकमेनंच कापून काढलं असतं. एकाकडे घेताना काही नाही, पण विकायला गेलं की प्रत्येक कंपनीमागे ठरावीक रक्कम. एका मुलीनं फोनवर मला दराऐवजी विमा विकायचा प्रयत्न केला. सरकारचे कर सगळीकडे सारखेच, म्हणून ते मी बाजूला काढले. उरलं ते मांडलं. खातं उघडण्याची फी, वर्षाची फी, घेतानाची दलाली, विकतानाची दलाली, विकतानाची ठरावीक रक्कम. एक रकाना होता, ऑर्डर फोनवरून दिली तर जादा आकार. माझ्या आवडत्या ॲपवाल्याकडे तो बराच होता. पण ॲप असताना फोन कोण करतं? तो रकाना मी उडवला. आमच्याकडे न लागणारी बाब तक्त्यात ठेवत नाहीत.

साडूच्या बाईंचं ऑफिस मी मुद्दाम शेवटच्या ओळीत ठेवलं आणि तिला पिवळा रंग दिला. महागडी ओळ म्हणून ती उठून दिसली पाहिजे होती. ती दिसली.

पुढच्या रविवारी मामांनी चष्मा लावून तो तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला. सगळं कळलं असेल असं नाही, पण शून्य कळलं. "म्हणजे घेताना काहीच द्यायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"आणि धाकट्यांच्या तिथं?"

मी पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं. बोलायची गरज नव्हती. मामा म्हणाले, "मग हेच करू." सासूबाईंनी त्या दिवशी मला न विचारता दुसरी पोळी वाढली. मी शपथेवर सांगतो, वाढली.

खातं उघडायला मात्र दुपार गेली. पॅन, आधार, पांढऱ्या कागदावर सही, सगळं फोनवरून. चेहऱ्याचा फोटो काढताना फोन सांगायचा, चेहरा गोलात आणा. मामा फोनकडे न बघता माझ्याकडे बघायचे. मग फोन सांगायचा, डोळे मिटा आणि उघडा. ते मिटायचे आणि मिटूनच ठेवायचे. माझा आवाज चढत गेला. सासूबाई आतून बघून गेल्या. शेवटी खातं उघडलं आणि मी फोन त्यांच्या हातात देऊन म्हणालो, "झालं! आता सगळं तुमच्या हातात. कुणाला फोन करायला नको, कुणाकडे जायला नको, कुणाला एक पैसा द्यायला नको."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

नंतर काही दिवस मामांचे फोन आले. माझी खरेदीची मीटिंग सकाळीच असते आणि बाजार उघडला की मामांचा फोन यायचा. मी कापायचो आणि निरोप टाकायचो, 'मीटिंगमध्ये आहे'. मग दुपारी मी केला तर ते जेवून झोपलेले. एकदा मी उचलला. ते म्हणाले, "इथं दोन बटणं आहेत, कुठलं दाबू?" मी म्हटलं, "मामा, मी व्हिडिओ पाठवलाय ना, तो बघा. अगदी सोपं आहे." ते म्हणाले, "व्हिडिओ बघितला. तो हिंदीत फार भरभर बोलतो." मी म्हटलं, "रविवारी बघू." रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. पुढच्या रविवारी मुलीची परीक्षा. एकदा त्यांनी ॲपवाल्यांच्याच नंबरवर फोन करून ऑर्डर दिली, तर मी उडवलेल्या रकान्यातला तो जादा आकार त्यांना पडला. त्यावर मी त्यांना जरा बोललोच. म्हटलं, फोन करायचाच नाही म्हणून तर हे खातं घेतलं ना!

त्यानंतर त्यांचे फोन थांबले. मला वाटलं, शिकले. ऑफिसात मी सांगतही सुटलो, आमचे सासरे या वयात स्वतः ॲपवर शेअर घेतात, शून्य दलालीत. लोक म्हणायचे, वा! साडूच्या घरी एकदा हळदीकुंकवाला गेलो होतो, तेव्हा त्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "व्हय, लई हुशार हायती मामा." आणि बायकोकडे बघून हसला. मला ते हसणं खटकलं होतं. पण त्याचं हसणं मला एरवीही खटकतंच.

आमचे साचे निघोज्याच्या एका पुरवठादाराकडे असतात. वर्षातून एकदा कंपनीच्या माणसानं जाऊन ते मोजून, तपासून यायचं असतं. मशिनं चालू असताना साचे बाहेर काढता येत नाहीत, म्हणून हे काम गुरुवारी करतात. त्या वर्षी मला जावं लागलं. काम लवकर आटोपलं. परतताना कुरुळी रस्त्यातच लागते. साडूकडे जायची मला हौस नव्हती. पण त्यानं नवीन गाडी बुक केल्याचं कानावर आलं होतं, आणि ती दारात उभी आहे का, एवढं बघायचं होतं.

गाडी नव्हती. दारात शेवगा होता आणि ओसरीच्या पायरीवर मामांच्या चपला होत्या.

ओसरीवर बाज टाकलेली होती. मामा त्यावर मांडी घालून बसले होते, पुढ्यात उकडलेल्या शेंगांची ताटली. साडू बनियनवर त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. मधे मामांचा फोन होता आणि साडूचा फोन बाजेवर उताणा, त्यातून एका बाईचा आवाज येत होता.

"भाऊ, निळं बटण दिसतंय का? त्याच्यावर डिलिव्हरी लिहिलंय बघा, म्हणजे घेऊन ठेवायचे."

"हाय, हाय," साडू म्हणाला. "दाबू?"

"आधी आकडा घाला. काका, किती घेताय?"

"चार," मामा फोनमध्ये ओरडून म्हणाले. "गेल्या गुरुवारी तीन घेतले होते. आज चार."

"मग चार घाला. आता पिन काकांना टाकायला सांगा, तुम्ही बघू नका."

साडूनं डोळे घट्ट मिटून तोंड दुसरीकडे फिरवलं. लहान मुलाला खेळवताना करतात तसं. मामांनी एका हातानं फोन झाकून पिन टाकला आणि फोननं 'टिंग' केलं. मामा हसले. दात दिसेपर्यंत हसले. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते असे हसलेले नाहीत. मी अल्बम बघून सांगतोय.

मी दारात उभा होतो. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला कळायला थोडा वेळ लागला, की या चिंचवड स्टेशनच्या बाई आहेत. माझ्या पिवळ्या ओळीतल्या. मामांचं खातं त्यांच्याकडे नाही, त्यांना यातून एक पैसा मिळत नाही, आणि तरी त्या दुसऱ्याच्या ॲपचं बटण कुठं आहे ते सांगत बसल्या होत्या. का? तर साडू त्यांचं जुनं गिऱ्हाईक. पन्नास पन्नास पैसे देत आलेलं. म्हणजे मी मामांना शून्यात मिळवून दिलेलं खातं साडूच्या दलालीवर चाललं होतं! मला जो राग आला तो शब्दांत मांडता येणार नाही. एवढी मेहनत करून मी साडूसाठी आणखी एक जागा करून ठेवली होती.

"अरे, पाव्हणं!" साडूनं मला बघितलं. "या की. हितं कसं काय? ताई, ठिवतो बरं का, आमचं थोरलं साडू आल्यात."

"ज्यांनी ते स्वस्तातलं खातं काढून दिलं ते?" बाईंचा आवाज आला. "नमस्कार सांगा त्यांना. चांगलं शोधलंय."

मी नमस्कार घेतला नाही. मेहुणी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "दाजी, बसा ना, थालीपीठ लावलंय." मी बाजेच्या कडेला बसलो, तर ती बाज माझ्या बाजूनं खाली गेली आणि साडू उठून उभा राहिला. मला जागा करून द्यायला. तेही मला आवडलं नाही.

"मामा, तुम्ही इथं कसे?" मी विचारलं.

"दर गुरुवारी येतो," ते साधेपणानं म्हणाले. "दोन बस बदलाव्या लागतात, पण येतो. जाताना हे सोडतात गाडीवर."

"म्या त्यास्नी म्हनलं, मीच येतो आकुर्डीला," साडू मधेच बोलला. "तर म्हंत्यात न्हाई, शेंगा तिथल्याच बऱ्या."

मामा पुन्हा हसले. मग फोन माझ्यापुढे धरून त्यांनी त्यांचे शेअर दाखवले. बरेच झाले होते. "बघा," ते म्हणाले. "कमिशन शून्य. मी सगळ्यांना सांगतो, थोरल्या जावयांनी शोधून दिलं. धाकट्यांना असलं जमलं नसतं." साडूनं मान डोलावली. "खरं हाय. आपल्याला न्हाई जमत त्ये."

ही त्यांनी माझी केलेली स्तुती होती, आणि मनापासून होती. वर्षानुवर्षं मी हेच ऐकायला थांबलो होतो. पण ती ऐकताना माझं लक्ष शेंगांच्या ताटलीकडे होतं. टरफलांचे दोन ढीग होते, एक मामांपुढे आणि एक साडू बसला होता तिथे. सकाळपासून दोघं गप्पा मारत खात बसले असणार. काय बोलत असतील? कारखान्याचं? गुडघ्याचं? माझं? मामा माझ्याशी आजवर गाडीचा ॲव्हरेज आणि पाऊसपाणी याखेरीज बोललेले नाहीत. आणि हा माणूस दर गुरुवारी अख्खी सकाळ त्यांना घेऊन बसतो, फुकट, बनियनवर.

माझं काय चुकलं ते मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. दर बरोबर होते. बेरीज बरोबर होती. आजही कुणी तो तक्ता काढावा, माझ्याच ओळीला ऑर्डर जाईल. ओसरीवर बसून मी हे सगळं मनात घोकत होतो आणि तरी मला हवी होती ती साडूची जागा, बाजेवरची, मामांच्या खांद्याला लागून असलेली. इतकं स्पष्ट मला आयुष्यात फार कमी गोष्टींबद्दल वाटलंय.

थालीपीठ आलं. वर लोण्याचा गोळा. नको म्हणण्याइतका मी मूर्ख नव्हतो. खाता खाता मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "मामा, एवढ्या लांब दोन बस बदलून येण्यापेक्षा मला सांगायचं ना. मी येत जातो आकुर्डीला. दर रविवारी येतो. आपण दोघं बसून घेत जाऊ शेअर."

साडू खाली बघून टरफलं गोळा करायला लागला. मेहुणीनं माझ्या ताटात आणखी लोणी वाढलं. मामांनी फोन शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, वर हात ठेवून तो नीट बसलाय ना हे बघितलं आणि मग माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"रविवारी बाजार बंद असतो, जावईबापू," ते म्हणाले.